‘नस दबली’ म्हणजे नेमकं काय दबलं?

“मणक्यात गॅप आलाय, नस दबलीये, ऑपरेशन करावं लागेल का?” हा प्रश्न याच शब्दांत, याच क्रमाने इतक्यांदा कानावर आलाय की आता वैताग येतो. गॅप येत नसतो, तो कमी होतो. दोन मणक्यांमधली गादी झिजून चपटी झाली की अंतर घटतं. पण ते सोडा. या दुखण्याला स्पाँडिलायटिस म्हणायचं की स्पाँडिलोसिस यावरही भांडायला नको. ही झीज आहे, सूज नाही, म्हणून दुसरा शब्द बरोबर. खरा घोळ आहे तो ‘नस दबली’मध्ये. मानेत गादीखाली दबू शकतील अशा गोष्टी दोन आहेत आणि ऑपरेशनच्या बाबतीत त्या दोघींचे नियम एकमेकींच्या उलट आहेत.

पहिली तुमच्या ओळखीची. मानेत मणके 7 आणि नसांच्या जोड्या 8. गादी कडेने बाहेर आली की त्या बाजूच्या नसेचं मूळ चिमटीत सापडतं. मग कळ खांद्यावरून एकाच हातात उतरते आणि ठरावीक बोटांत जाते: साधारणपणे सहावी नस असेल तर अंगठ्याकडे, सातवी असेल तर मधल्या बोटाकडे, आठवी असेल तर करंगळीकडे. हात डोक्यावर ठेवला की अनेकांना बरं वाटतं. रात्र रात्र झोप लागत नाही इतकं दुखू शकतं. आणि तरीही बहुतेकांचं दुखणं 6 ते 12 आठवड्यांत चाकू न लावता ओसरतं; गादीचा निसटलेला तुकडा पुष्कळदा शरीर स्वतःच शोषून घेतं. तेवढे आठवडे नीट उपचार घेऊनही कळ हटली नाही तर ऑपरेशनचा विचार करायचा. हाताची ताकद मात्र कमी होत चालली असेल तर तेवढंही थांबायचं नाही.

आता दुसरी. नसा जिथून फुटतात तो मज्जारज्जू. गादी मधोमध मागे सरकली, जोडीला हाड वाढलं, किंवा आतली जागा जन्मतःच अरुंद असली की तो दबतो. इथे लोक फसतात, कारण तो दबला तरी दुखेलच असं नाही. मान थोडी आखडलेली, बस. बाकी तक्रारी मानेच्या वाटतच नाहीत. शर्टाचं बटण लावायला वेळ लागतो. किल्ली कुलपात नीट बसत नाही. सही बिघडते. सुईत दोरा ओवणं सोडून दिलेलं असतं, चष्म्याला दोष देऊन. पायातली चप्पल निसटते आणि चार पावलं गेल्यावर कळतं. जिना उतरताना कठडा धरावा लागतो, अंधारात तोल जातो. कधी मान खाली वाकवली की पाठीतून करंट गेल्यासारखं होतं. लघवीची घाई हे लक्षण बरंच उशिरा दिसतं.

आणि घरचे म्हणतात, वय झालं. बोटांच्या बधिरपणाला मधुमेह, मनगटातली नस, जीवनसत्त्वाची कमतरता अशी कारणं चिकटवली जातात. ती असूही शकतात. पण दोन्ही हात अवघडले आणि चालही बिघडली, तर मान तपासल्याशिवाय हे निदान मला तरी पटत नाही. एक सोपी चाचणी आहे: मूठ पूर्ण मिटायची, पूर्ण उघडायची, 10 सेकंदांत जमेल तितक्यांदा. निरोगी हाताला साधारण 20 वेळा जमतं. पुष्कळच कमी होत असेल तर मेंदू-मज्जासंस्थेच्या किंवा मणक्याच्या डॉक्टरांकडे जा. तोवर मान ‘कडकन मोडून’ देणाऱ्या कुणाच्याही हाती मान देऊ नका. हा प्रकार मला एरवीही आवडत नाही, इथे तर तो धोक्याचाच.

मज्जारज्जूचं दुखणं बहुधा पायऱ्या उतरल्यासारखं वाढतं. काही महिने स्थिर, मग एकदम एक पायरी खाली. म्हणून त्रास मध्यम किंवा तीव्र असेल तर ऑपरेशनचाच सल्ला दिला जातो. सौम्य असेल तर देखरेखीखाली व्यायाम करून पाहता येतं, पण डोळ्यांत तेल घालून. ‘फारसं दुखत नाही, मग बघू’ हा हिशेब इथे लागू नाही.

एमआरआयचा कागद घेऊन घाबरणाऱ्यांसाठी: जपानमध्ये कोणताही त्रास नसलेल्या 1211 लोकांच्या मानेचा एमआरआय काढला, तेव्हा 87.6 टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या. विशीतल्यांमध्येसुद्धा बहुतेकांच्या. तेव्हा ‘डिस्क बल्ज’ हे शब्द वाचून काही ठरत नाही. हाताची कळ नाही, ताकद शाबूत, चाल शाबूत, नुसती मान वर्षानुवर्षं दुखते, अशा माणसाने ऑपरेशनकडून फार आशा ठेवू नये. (ताप, वजन घटणं, पूर्वीचा कर्करोग ही वेगळी गोष्ट, तिथे तपासणी लगेच.)

गोंधळात भर अशी की दोन्हींसाठी ऑपरेशन पुष्कळदा एकच असतं: गळ्याच्या पुढून जाऊन गादी काढायची आणि दोन मणके जोडायचे. 1950च्या दशकापासून चालत आलेली पद्धत. गळ्यावरची खूणही सारखीच, म्हणून लोक आपापसांत तुलना करतात. नस मोकळी झालेला माणूस बहुधा काही दिवसांतच सांगत सुटतो की हाताची कळ गेली. मज्जारज्जू मोकळा झालेल्याची बोटं सहा महिन्यांनीही अवघडलेली असू शकतात, कारण तिथे पहिला हेतू घसरण थांबवण्याचा असतो. गेलेलं किती परत येईल हे किती उशीर झाला यावर बरंच अवलंबून असतं. त्याला हे आधी कुणी सांगितलेलं नसतं, आणि सगळे म्हणतात, याचं ऑपरेशन फसलं.