ढिगाऱ्यातून सुटला, पोटॅशियमने गाठला

जानेवारी २०१०. हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स भूकंपाने कोसळली होती आणि ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ म्हणजे ‘एमएसएफ’ या वैद्यकीय सेवाभावी संस्थेचं मालवाहू विमान १२ टन सामान घेऊन तिच्या आकाशात घिरट्या घालत होतं. ते उतरू शकलं नाही. दोन दिवसांत तीन वेळा परतवलं गेलं. धावपट्टी एकच, नियंत्रण अमेरिकी सैन्याकडे, आणि रांगेत असंख्य विमानं. संस्थेने चिडून पत्रक काढलं. आपली पाच विमानं, मिळून ८५ टन सामान, शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिककडे वळवलं गेल्याचं त्यात होतं आणि अडकलेल्या विमानात काय होतं तेही होतं. औषधं, शस्त्रक्रियेचं साहित्य आणि दोन डायलिसिस यंत्रं.

त्या शेवटच्या नोंदीपाशी मी थबकलो. भूकंपानंतर प्लास्टर लागणार, रक्त लागणार, भूल लागणार, करवत लागणार. करवतीचं तर असं झालं की त्याच संस्थेच्या एका इस्पितळात डॉक्टरांना बाजारातून करवत विकत आणून हात-पाय कापावे लागले. पण डायलिसिस? आपल्या डोक्यात डायलिसिस म्हणजे वर्षानुवर्षांचा मधुमेह, खंगलेला माणूस आणि आठवड्यातून दोन-तीन वाऱ्या. भिंत अंगावर पडली तर किडनी कशाने बिघडेल? ती तर पाठीत, फासळ्यांच्या आडोशाला.

उत्तर मांडीत आहे.

टीव्हीवर ढिगाऱ्यातून माणूस बाहेर येतो, टाळ्या वाजतात आणि कॅमेरा दुसरीकडे वळतो. वाचला, असं आपण धरून चालतो. पण ज्याच्या मांडीवर काँक्रीटची तुळई चार-सहा तास पडून होती, त्याची खरी परीक्षा ती तुळई उचलल्या क्षणी सुरू होते. तो शुद्धीवर असतो, बोलतो, पाणी मागतो. मोठी जखम नाही, रक्तस्राव नाही. आणि काही वेळाने, कधी काही मिनिटांत तर कधी काही तासांत, त्याचं हृदय थांबतं. त्यातून जो तगतो त्याची लघवी आधी कोऱ्या चहासारखी काळपट होते, मग कमी, मग बंद. याचं नाव क्रश सिंड्रोम.

आता शाळेतली पेशी आठवा. प्रत्येक पेशीच्या आत पोटॅशियम जास्त आणि बाहेर सोडियम जास्त असतं. ही व्यवस्था आपोआप टिकत नाही. पेशीच्या पटलातून दोन्ही क्षार थोडे थोडे झिरपत राहतात आणि पटलातला एक प्रथिन-पंप त्यांना पुन्हा जागच्या जागी ढकलत राहतो, गळक्या होडीतून अखंड पाणी उपसणाऱ्या नावाड्यासारखा. एका फेरीत तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, आणि त्यासाठी एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये हा पंप शोधला आणि त्यांना नोबेल मिळालं ते थेट १९९७ मध्ये. माझ्या मते शरीरातलं हे सर्वांत दुर्लक्षित यंत्र आहे. आपण गाढ झोपलेलो असतानाही ऊर्जेचा मोठा वाटा त्याच्यावरच जातो.

मांडी दबली की दोन गोष्टी होतात. रक्तपुरवठा तुटल्याने एटीपी संपतं आणि पंप बंद पडतो. शिवाय दाबाने पेशीचं पटल ताणलं जाऊन त्याला भगदाडं पडतात. सोडियम आत घुसतं, त्यामागे पाणी घुसतं, आणि सगळ्यात घातक म्हणजे कॅल्शियम घुसतं. एरवी पेशीच्या आत कॅल्शियम बाहेरच्या साधारण दहा हजारावा हिस्सा असतं, कारण स्नायूसाठी ते आकुंचनाचा आदेश आहे. ते एकदम आत आलं की प्रथिनं आणि मेद कुरतडणारी विकरं जागी होतात आणि पेशी स्वतःलाच खाऊ लागते. एवढं होऊनही रक्त फिरत नाही तोवर हा सगळा मालमसाला मांडीतच कोंडलेला असतो. तुळई उचलली की रक्त आत शिरतं आणि तो घेऊन हृदयाकडे निघतं.

किती माल? हा हिशोब कागदावर करण्यासारखा आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात पेशींबाहेरचं पाणी सुमारे १४ लिटर. त्यात दर लिटरला पोटॅशियम सुमारे ४ मिलिमोल (मिलिमोल हे कणांची संख्या मोजायचं एकक), म्हणजे एकूण ५६. उलट एक किलो स्नायूत पोटॅशियम असतं जवळजवळ १०० मिलिमोल! म्हणजे जेमतेम अर्धा-पाऊण किलो स्नायूतलं पोटॅशियम एकदम बाहेर आलं तर रक्तातलं प्रमाण दुप्पट होऊन ८ वर जाईल. एका मांडीत याच्या कितीतरी पट स्नायू असतो. प्रत्यक्षात शरीर थोडं पोटॅशियम इतर पेशींत ढकलतं, थोडं लघवीवाटे काढतं, पण किडनी चालू असेल तर.

आणि ८ म्हणजे काय? हृदयाच्या पेशीवरचा विद्युतदाब आतल्या आणि बाहेरच्या पोटॅशियमच्या गुणोत्तरावर ठरतो. नर्न्स्ट यांचं समीकरण वापरा: ६१.५ गुणिले (बाहेरचं भागिले आतलं) या गुणोत्तराचा लॉगॅरिदम. आत १४० आणि बाहेर ४ असेल तर उत्तर येतं उणे ९५ मिलिव्होल्ट. बाहेर ८ केलं तर उणे ७६. फरक फक्त १९ मिलिव्होल्टचा, पण ठोक्याची लहर पुढे नेणारी सोडियमची दारं नीट मिटून पुन्हा सज्ज होण्यासाठी दाब पुरेसा उणे असावा लागतो. तो नसला की बरीचशी दारं उघडण्याच्या लायकीचीच राहत नाहीत. लहर मंदावते, ईसीजीवरच्या टी-लहरी टोकदार होतात, आलेख पसरट होत जातो आणि हृदय थांबतं. लॉगॅरिदम नको असेल त्यांनी इतकंच लक्षात ठेवावं की पेशीच्या आत जे जीवनावश्यक, तेच रक्तात जास्त झालं की मारक.

पहिल्या तासांतला मारेकरी हा. दुसरा सावकाश येतो. स्नायूला लाल रंग देणारं, ऑक्सिजन साठवणारं मायोग्लोबिन हे प्रथिन हिमोग्लोबिनच्या साधारण पावपट वजनाचं असतं, त्यामुळे ते किडनीच्या गाळणीतून सहज पलीकडे जातं. पलीकडच्या बारीक नळ्यांत लघवी आम्लधर्मी आणि दाट असेल तर ते तिथल्या दुसऱ्या एका प्रथिनाशी चिकटून गोळे बनवतं आणि नळ्या तुंबतात. त्यातलं लोह नळीच्या भिंतीला जाळतं. भरीस भर म्हणजे सुजलेला पाय रक्तातलं पाणी शोषत राहतो, दहा-दहा लिटरपर्यंत. रक्तातला द्रव मुळात तीन लिटरच्या आसपास, तेव्हा किडनीपर्यंत रक्तच पुरेसं पोचत नाही. तुंबलेली नळी आणि वर पाण्याचा दुष्काळ.

हे कळलं ते बॉम्बमुळे. १९४०-४१ मध्ये लंडनवर जर्मन बॉम्ब पडत होते तेव्हा एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील या डॉक्टरांनी घराखाली दबलेल्या चार जणांची नोंद १९४१ मध्ये प्रसिद्ध केली. (जर्मन आणि जपानी डॉक्टरांनी याआधीही असं काही पाहिलं होतं, पण ते विस्मरणात गेलं होतं.) निदान झालं, उपाय नव्हता. विलेम कोल्फ यांचं डायलिसिस यंत्र, म्हणजे किडनीच्या ऐवजी शरीराबाहेर रक्त गाळणारं यंत्र, जर्मनव्याप्त नेदरलँड्समध्ये १९४३ साली उभं राहिलं.

मग यंत्रं होती तरी ती वेळेवर पोचली पाहिजेत. ७ डिसेंबर १९८८ रोजी आर्मेनियात स्पिताकच्या भूकंपात सुमारे २५,००० माणसं गेली आणि जे वाचले त्यांत शेकडोंच्या किडन्या बंद पडल्या. देशोदेशींची मदत आली, पण ज्याला जे सुचलं ते त्याने पाठवलं. त्या गोंधळातून धडा घेऊन किडनीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपत्तीसाठी एक पथक बांधलं. बेल्जियममधल्या गेंटहून ते चालवलं गेलं आणि त्याने ‘एमएसएफ’शी हातमिळवणी केली. तज्ज्ञ, परिचारिका आणि तंत्रज्ञ पथकाचे, विमान, गोदाम आणि तंबू ‘एमएसएफ’चे. १७ ऑगस्ट १९९९ च्या तुर्कस्तानातल्या मार्मरा भूकंपात त्यांची मोठी कसोटी लागली. तिथे क्रश सिंड्रोमने किडनीवर परिणाम झालेले ६३९ रुग्ण नोंदले गेले, त्यांपैकी ४७७ जणांना डायलिसिस लागलं, आणि ६३९ पैकी ९७ दगावले. म्हणजे दर सातांतले सहा वाचले. शिवाय या किडन्या कायमच्या गेलेल्या नसतात. नळीच्या पेशी पुन्हा उगवतात आणि बहुतेकांची लघवी काही आठवड्यांत सुरू होते. तेवढे आठवडे माणूस तगवायचा, एवढंच यंत्राचं काम.

‘एवढंच’ म्हटलं खरं. डायलिसिसच्या एका चार तासांच्या फेरीला अतिशुद्ध पाणी लागतं सुमारे १२० लिटर, आणि अखंड वीज. कोसळलेल्या शहरात प्यायला पाणी नसतं. म्हणून यंत्राबरोबर पाणी शुद्ध करणारी यंत्रणा, जनरेटर आणि नळ जोडणारा माणूस लागतो, आणि या तिसऱ्याचा फोटो कुठेच छापून येत नाही. हैतीत राजधानीच्या सरकारी इस्पितळात हे काम शेवटी उभं राहिलं. कोणाला आधी डायलिसिसवर घ्यायचं हे ठरवायला प्रयोगशाळा नव्हती, तेव्हा हातात मावणाऱ्या उपकरणाने रक्ताच्या काही थेंबांतलं पोटॅशियम खाटेशेजारीच मोजलं गेलं. ‘एमएसएफ’चं स्वतःचं ट्रिनिटे इस्पितळ भूकंपात पडलं होतं. त्याच्या जागी हवा भरून उभं राहणारं तंबूंचं इस्पितळ एका शाळेच्या मैदानात उभारलं. असं इस्पितळ त्यांनी २००५ च्या काश्मीर भूकंपानंतर पाकिस्तानात मानसेहरा इथे वापरलं होतं.

किल्लारीत काय झालं, हा प्रश्न मराठी वाचकाला पडणारच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे पडली ती दगडमातीची जाड भिंतींची घरं आणि मातीची जड माळवदं. अशा ढिगाऱ्यात काँक्रीटच्या इमारतीसारख्या पोकळ्या राहत नाहीत, माती नाका-तोंडात जाते आणि अडकलेला माणूस गुदमरून तिथेच जातो. क्रश सिंड्रोम व्हायला आधी काही तास जिवंत राहावं लागतं. आज लातूर काय, कराड काय, सगळीकडे चार-पाच मजली काँक्रीट उभं आहे, तेव्हा पुढच्या वेळी गणित वेगळं असेल.

आता थोडं कडू. भूकंप झाला की अमुक ग्रहांच्या युतीमुळे झाला आणि ‘आज रात्री पुन्हा’ असे निरोप फिरू लागतात. त्यावर वेळ घालवत नाही, भूकंपाची वेळ आधी कोणालाच सांगता येत नाही. मला जास्त राग येतो तो ‘किडनी साफ करणाऱ्या’ चूर्णांचा आणि काढ्यांचा. किडनीत साचलेला मळ वगैरे काही नसतो, ती स्वतःच दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळते. आणि आजारी माणसाला शहाळं पाजायची आपली जी माया आहे, ती इथे उलटते. शहाळ्याचं पाणी पोटॅशियमने भरलेलं असतं. केळंही तसंच. ढिगाऱ्यातून काढलेल्या, पाय दबलेल्या माणसाच्या हातात प्रेमाने शहाळं देणं म्हणजे आगीत तेल ओतणं. सलाईनच्या बाटल्यांतही हा भेद आहे. इस्पितळात सर्रास वापरलं जाणारं रिंगर लॅक्टेट पोटॅशियमयुक्त असतं, इथे लागतं ते साधं मिठाचं सलाईन.

खरा इलाज त्या सलाईनचाच आहे, फक्त त्याची वेळ विचित्र आहे. तुळई उचलण्याआधी, माणूस अडकलेला असतानाच, मोकळ्या हाताची शीर शोधून ताशी साधारण एक लिटर या वेगाने ते सुरू करायचं. रक्तातला द्रव वाढतो, पोटॅशियम विरळ होतं, मायोग्लोबिन नळीत चिकटायच्या आत वाहून जातं. १ मे २००३ रोजी तुर्कस्तानातच बिंगोलला भूकंप झाला, तेव्हा मार्मराहून शिकलेल्या डॉक्टरांनी १६ क्रश रुग्णांना लवकर आणि भरपूर सलाईन दिलं. डायलिसिस लागलं फक्त चौघांना, आणि त्या चौघांना सलाईन इतरांपेक्षा उशिरा मिळालं होतं. छोटा अभ्यास आहे, त्यावरून टक्केवाऱ्या मिरवू नयेत. पण पेशींचा हिशोब जे सांगतो तेच तोही सांगतो. परदेशी पथकं कितीही धावली तरी पोचायला दिवस-दोन दिवस लागतात. हैतीत सगळ्या आंतरराष्ट्रीय शोधपथकांनी मिळून जिवंत काढलेली माणसं होती सुमारे १३०. बाकी हजारोंना शेजाऱ्यापाजाऱ्यांनी हाताने उकरून काढलं, आणि शेजाऱ्यांजवळ सलाईन नसतं.

एक गट मात्र या सगळ्या चर्चेत सुटतो. ज्यांच्या किडन्या भूकंपाआधीच गेलेल्या आहेत आणि जे नेहमीच्या डायलिसिसवर आहेत, त्यांना खरचटलंही नसलं तरी केंद्र बंद पडलं की त्यांचं घड्याळ सुरू होतं. तीन-चार दिवस, फार तर थोडे अधिक. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ रोजी भूकंप झाला तेव्हा त्या भागात असा रुग्ण असणंच अवघड होतं. आता जिल्ह्याच्या गावीच नव्हे, अनेक तालुक्यांच्या गावीही डायलिसिस होतं आणि त्यावर जगणारी माणसं गावोगाव आहेत. अमेरिकेत अशा रुग्णांना आपत्तीतल्या तीन दिवसांच्या आहाराचा कागद आधीच दिलेला असतो: पाणी किती कमी प्यायचं, कोणती फळं अजिबात नाहीत, घरात कोणते डबे भरून ठेवायचे. आपल्याकडच्या रुग्णाच्या फाइलला असा कागद लावलेला मी तरी अजून पाहिलेला नाही.