पान मोडलं कोणी, ब्राउझरने की फोनने?

"सफारीत फाटतंय." एवढाच निरोप, सोबत एक स्क्रीनशॉट, तोही अर्धा कापलेला. वेबसाइट बनवणाऱ्या आमच्या अंधेरीतल्या ऑफिसात आठवड्यातून दोनदा तरी हा निरोप येतो. उघडून बघावं तर सफारीचा, म्हणजे ॲपलच्या ब्राउझरचा, काडीचा संबंध नसतो, चारशे पिक्सेलच्या पडद्यात कोणीतरी सहाशेचं टेबल कोंबलेलं असतं. आणि ज्या दिवशी खरोखर सफारीचा संबंध असतो, नेमकं त्याच दिवशी सगळे मीडिया क्वेरी, म्हणजे 'पडदा एवढा रुंद असेल तर असं दाखव' अशा अटी, वाढवत बसतात. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. पान फोनमुळे मोडणं वेगळं आणि ब्राउझरमुळे मोडणं वेगळं, हे सांगून माझा घसा बसलाय, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

फोनचं प्रकरण तुम्हाला येतंच, तेव्हा भरभर. २०१० साली ईथन मार्कॉट यांनी पडद्याप्रमाणे जुळवून घेणाऱ्या पानांसाठी 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हे नाव रूढ केलं, तेव्हापासून लवचिक रुंदी, मीडिया क्वेरी वगैरे आपण घोकत आलोय. 'पान पडद्याएवढंच रुंद धर' असं फोनला सांगणारा व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग विसरलात तर आयफोन पान ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरून चालतो आणि मुंगीएवढी अक्षरं दाखवतो. १०८० पिक्सेलचा म्हणून घेतलेला अँड्रॉइड फोन सीएसएसच्या, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेच्या, हिशोबात साधारण ३६० नाहीतर ४१२ भरतो. बोटाला होव्हर, म्हणजे माउससारखं न दाबता नुसतं वर रेंगाळणं, नसतो. झालं. या सगळ्याचं मूळ पडद्याच्या आकारात किंवा हाताळण्याच्या पद्धतीत आहे. ब्राउझर कुठलाही असो, पान सारखंच मोडेल.

ब्राउझरचं प्रकरण उलटं. रुंदी तीच, पडदा तोच, पण एकाला सीएसएसची ती ओळ कळते आणि दुसऱ्याला कळत नाही. इथपर्यंत सगळे माना डोलावतात. घोळ पुढे आहे, तो असा की 'ब्राउझर' म्हणताना आपण आयकॉनवरचं नाव बघतो आणि पान रंगवणारं असतं आतलं इंजिन.

२०२१ च्या दिवाळीची गोष्ट. दादरच्या एक काकू घरी फराळ करून विकतात, त्यांचं ऑर्डरचं पान आम्ही केलं होतं. प्रत्येक पदार्थाखाली दोन बटणं, 'अर्धा किलो' आणि 'एक किलो'. दोन्ही एका फ्लेक्स डब्यात, म्हणजे आतल्या गोष्टी ओळीत मांडणाऱ्या चौकटीत, मध्ये १२ पिक्सेलचा गॅप (मोकळी जागा). वसुबारसेच्या आधी काकूंचा फोन आला. "अरे, ती बटणं एकमेकांना चिकटलीयत. माझी बहीण अर्धा किलो चकली मागवायला गेली आणि एक किलोवर बोट पडलं."

मी विचारलं, "काकू, सफारीत बघताय का?"

"नाही रे, क्रोम आहे माझ्याकडे. सफारी मी उघडतसुद्धा नाही."

आमच्या क्रोममध्ये तर सगळं ठीक. डेव्हटूल्समध्ये, म्हणजे ब्राउझरमधल्या तपासणीच्या साधनांत, फोनची नक्कल करणारा डिव्हाइस मोड लावून यादीतला आयफोन निवडला, तरी ठीक. मग तेच ते बावळट उत्तर मीही दिलं, "क्रोम अपडेट करून बघा." त्यांनी बिचाऱ्यांनी केलं. फरक शून्य. म्हणजे अडचण रुंदीचीच असणार असं ठरवून माझ्या सहकाऱ्याने दोन दिवस पॅडिंगशी झटापट केली, त्यात नव्या तीन मीडिया क्वेरी घातल्या. शेवटी मी लोकल पकडून दादरला गेलो आणि त्यांच्या फोनवर तेच पान सफारीत उघडलं. तिथेही बटणं तशीच चिकटलेली. सेटिंग्जमध्ये पाहिलं, आयओएस १४.४. फोन नातवाच्या व्हिडिओंनी गच्च भरलेला, त्यामुळे कित्येक महिने अपडेट अडकून पडलेलं.

आता तारखा लावून बघा. फ्लेक्समधला गॅप फायरफॉक्सला २०१८ पासून कळतो. क्रोमला तो कळू लागला जुलै २०२० मध्ये, आवृत्ती ८४ पासून. सफारीला कळला १४.१ मध्ये आणि आयफोनवर आयओएस १४.५ मध्ये, म्हणजे एप्रिल २०२१ मध्ये. काकूंचा फोन एक पायरी खाली होता. पण त्यांच्याकडे तर ताजं क्रोम होतं ना?

तेच तर. आयफोनवरचं क्रोम म्हणजे क्रोमचा सदरा घातलेलं वेबकिट, सफारीचं इंजिन. वेब दाखवणाऱ्या ॲपने वेबकिटच वापरायचं, असा ॲपलचा ॲप स्टोअरसाठीचा नियम आहे. हल्ली एकाच स्वयंपाकघरातून तीन-तीन हॉटेलांच्या नावाने पार्सलं निघतात, तसं आहे हे. खोक्यावर नाव क्रोमचं, फायरफॉक्सचं किंवा एजचं, फोडणी एकाच कढईतली. आणि ती कढई येते आयओएसबरोबर. काकूंनी क्रोम अपडेट केलं तेव्हा टॅब बदलले असतील, मेन्यू बदलला असेल, पासवर्ड साठवण्याची सोय सुधारली असेल; सीएसएस वाचणारा भाग होता तिथेच राहिला. २०२४ मध्ये आयओएस १७.४ पासून युरोपीय संघात कायद्यापोटी दुसऱ्या इंजिनांना वाट मोकळी झाली. ती वाट दादरपर्यंत पोचलेली नाही.

डिव्हाइस मोडची थाप याच्या बरोबर उलटी. यादीतून आयफोन निवडलात की क्रोम खिडकी ३९० पिक्सेल रुंद करतं, टचचं सोंग आणतं, सर्व्हरला सांगताना स्वतःचं नावही बदलतं. रंगवणारं इंजिन मात्र क्रोमचं स्वतःचं, ब्लिंकच. म्हणजे काकूंच्या हातात नाव क्रोमचं आणि इंजिन सफारीचं, तर माझ्या टेबलावर नाव आयफोनचं आणि इंजिन क्रोमचं. दोघं एकाच पानाबद्दल बोलत होतो आणि दोघंही खरं बोलत होतो. डिव्हाइस मोड फोनचं दुखणं शोधायला उत्तम आहे, ब्राउझरचं दुखणं शोधायला त्याचा उपयोग शून्य. हे वाक्य मी ऑफिसच्या भिंतीवर चिकटवलं होतं, कोणीतरी त्यावर लंचचा मेन्यू लावला.

गॅपची आणखी एक खोड सांगतो, कारण इथे हुशार माणसंही पडतात. तुम्ही म्हणाल, सपोर्ट्सची चौकशी टाकायची, म्हणजे इंजिनला गॅप कळतो का ते तेच सांगेल. जुन्या सफारीला विचारा, ती बेधडक 'हो' म्हणते. खोटं बोलत नाही, तिला ग्रिडमधला, म्हणजे उभ्या-आडव्या चौकटींच्या मांडणीतला, गॅप कळत होताच. गुण तोच, नाव तेच, चौकशीत 'फ्लेक्सच्या आत का?' हे विचारायची सोयच नाही. शेवटी गॅप काढला, दुसऱ्या बटणाला डावीकडून मार्जिन दिलं. दोन दिवसांची दुरुस्ती अर्ध्या मिनिटात झाली. त्या तीन मीडिया क्वेरी मात्र त्या फाइलमध्ये बरेच दिवस पडून होत्या, काढायला सगळे घाबरायचे.

आज गॅप कोणाला छळत नाही, पण सोंगं बदलून हाच प्रकार येत राहतो. मागचं धूसर करणारा बॅकड्रॉप-फिल्टर घ्या. नावाआधी वेबकिटचा उपसर्ग (-webkit-) न लावता तो सफारीत चालायला २०२४ ची सफारी १८ यावी लागली. तोवर 'आयफोनवर धूसर होत नाही' म्हणून लोक फोनला दोष देत होते.

याच कारणाने 'चार ब्राउझरमध्ये तपासलं' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं सटकतं. कुठले चार? क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह. वा! एज जानेवारी २०२० पासून क्रोमियमवरच, म्हणजे क्रोमच्याच सांगाड्यावर, आहे, ऑपेरा त्याच्याही आधीपासून. सॅमसंगच्या फोनवरचा त्यांचा स्वतःचा ब्राउझरही तसाच. एकाच साक्षीदाराची चार वेळा साक्ष काढलीत. मोजायची ती इंजिनं, आणि ती आता मोठी अशी तीनच उरलीत: ब्लिंक, वेबकिट आणि फायरफॉक्सचं गेको. त्यातलं ब्लिंकसुद्धा २०१३ मध्ये वेबकिटमधूनच फुटून निघालेलं, म्हणून तर क्रोमच्या सीएसएसमध्ये आजही जागोजाग वेबकिटचे उपसर्ग दिसतात.

मॅक नाही ही सबब मला मान्य नाही. पानं आपोआप तपासणारं प्लेराइट हे साधन विंडोजवरही वेबकिट आणून देतं, लिनक्सवर वेबकिटवरच चालणारा एपिफनी ब्राउझर आहे. हुबेहूब आयफोन नव्हे, आणि तिथलं वेबकिट ताजं असल्यामुळे काकूंच्या जुन्या आयओएसचं दुखणं दिसेलच असं नाही, पण दुसरं इंजिन तरी नजरेखालून जातं. विंडोजसाठी सफारी शोधून उतरवणारे वीर अजून भेटतात. ती ५.१.७ ला २०१२ मध्ये थांबली, तिच्यात पान तपासणं म्हणजे जुन्या टाइमटेबलवर लोकल पकडणं.

आता उलटा फसवणारा प्रकार. पूर्ण पडद्याचा पॅनल, उंची १०० व्हीएच, तळाशी 'पैसे भरा' बटण. आयफोनवर ते बटण खालच्या पट्टीमागे दडतं आणि लगेच 'सफारीचा बग' म्हणून बोंब होते. एखाद्या अँड्रॉइड फोनवर खऱ्या क्रोममध्ये बघा, तिथेही पान उघडल्या उघडल्या तळ कापलेलाच दिसेल. १०० व्हीएच म्हणजे ॲड्रेस बार आवरून घेतल्यावर उरणारी उंची, आणि सुरुवातीला तो बार उघडा असतो. इंजिनं दोन, दुखणं एक, म्हणजे हे फोनचं. डेस्कटॉपवर कधीच दिसणार नाही, कारण तिथला बार आत-बाहेर करत नाही. २०२२ मध्ये तिन्ही इंजिनांत डीव्हीएच (बारबरोबर बदलणारी उंची) आणि एसव्हीएच (बार उघडा असतानाची उंची) आले. बटणासाठी मी एसव्हीएच वापरतो. डीव्हीएच बारबरोबर हलतं आणि ती हालचाल मला सहन होत नाही.

किरकोळ तीन गोष्टी. फॉर्मच्या चौकटीत १६ पिक्सेलपेक्षा लहान अक्षर असेल तर आयफोन टॅप केल्यावर पान झूम करतो. १६ करा, विषय संपला. रुंदी १०० व्हीडब्ल्यू (खिडकीची पूर्ण रुंदी) दिल्यावर विंडोजवर आडवा स्क्रोल येतो, कारण तिथला स्क्रोलबार जागा खातो. १०० टक्के लिहा. आणि यूजर एजंट, म्हणजे ब्राउझर स्वतःची जी ओळख सांगतो ती, वाचून 'आयपॅड असेल तर असं' लिहिणाऱ्यांना नमस्कार. २०१९ च्या आयपॅडओएस १३ पासून आयपॅडची सफारी स्वतःला मॅक म्हणवते.

मराठी पानांना तिसराही भिडू असतो आणि त्याचं खापर नेहमी या दोघांपैकी एकाच्या डोक्यावर फुटतं: फॉन्ट. तुम्ही फॉन्ट दिला नाहीत तर अँड्रॉइड नोटो काढतो, आयफोन कोहिनूर, विंडोज निर्मला. तिघांची उंची-रुंदी वेगळी. शीर्षकाला १.१ ची लाइन-हाइट (ओळीची उंची) आणि ओव्हरफ्लो हिडन (बाहेर जाईल ते कापा) दिलंत की कुठेतरी 'र्की'चा रफार कापला जाणार, आणि 'विंडोजवर क्रोम बिघडलं' असा निरोप येणार. आमच्याच मुंबईतल्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा मुक्त वापराचा 'मुक्ता' आहे. तो पानाबरोबर पाठवा, लाइन-हाइट १.५ च्या खाली नेऊ नका. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) तर देवनागरीला लावूच नका. शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि शब्द रेल्वे रुळांच्या सांध्यांसारखा दिसतो. इंग्रजी डिझाइनमधून ती ओळ मराठी आवृत्तीत तशीच ओघळत येते. मी नवीन प्रोजेक्ट हातात घेतला की आधी ती शोधून उडवतो, मग चहा.

तक्रार कळवायची असेल तर ब्राउझरचं नाव नंतर सांगा. आयफोन असेल तर आयओएस कितवं, आणि तेच पान शेजाऱ्याच्या अँड्रॉइडवर कसं दिसतं, एवढं आधी कळवा. आणि स्क्रीनशॉट कापू नका. वरची पट्टी, खालची पट्टी, सगळं हवं.