पांढराशुभ्र डाग आणि बधिर चट्टा: कोड कोणते, कुष्ठरोग कोणता?

अंगावर पांढराशुभ्र डाग उठला की सगळे घर हादरते. लग्नाची मुलगी असेल तर पूर्ण बाह्यांचे कपडे शिवले जातात, स्थळ येण्याआधी आई दहा ठिकाणी औषध विचारत फिरते, आणि शेजारीण पाण्याचा पेला वेगळा ठेवू लागते. त्याच घरातल्या कर्त्या माणसाच्या दंडावर गेली दोन वर्षे एक फिकट, तांबूस चट्टा असतो. तो खाजत नाही, दुखत नाही, कामाच्या आड येत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते. पहिला डाग कोडाचा आहे. तो कोणाला लागत नाही आणि त्याने हातापायाचे काहीही बिघडत नाही. दुसरा चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो, आणि वेळेत औषध मिळाले नाही तर हाताची बोटे वाकवण्याइतके नुकसान तो करतो. आपली सगळी भीती चुकीच्या डागावर खर्च होते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, पालघर या जिल्ह्यांत कुष्ठरोग आजही नव्याने सापडतो. तिथे या गल्लतीची किंमत फार मोठी आहे.

कोडात त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नाहीशा होतात. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच रंगपेशींवर उलटते आणि त्या जागेचा रंग जातो. बाकी कातडीचा कारभार जसाच्या तसा चालू राहतो. तिथे स्पर्श कळतो, घाम येतो, चिमटा काढला तर दुखते. कुष्ठरोग मात्र जंतूमुळे होतो. नॉर्वेतल्या बर्गन शहरात गेऱ्हार्ड हान्सेन यांनी १८७३ मध्ये तो जंतू शोधला. हा जंतू कमालीचा संथ आहे, एकाचे दोन व्हायला त्याला जवळजवळ दोन आठवडे लागतात. त्यामुळे लागण झाल्यापासून पहिला चट्टा दिसेपर्यंत साधारण पाच वर्षे जातात, कधी कधी वीससुद्धा. त्याला शरीरातले थंड भाग मानवतात: कातडी, नाक, कानाची पाळी आणि कातडीलगतच्या नसा. तो नसांत शिरतो, ही या आजारातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

रंगावरून बरेच कळते. कोडाचा डाग खडूसारखा पांढरा असतो आणि त्याची कड स्पष्ट असते. तो बहुधा ओठांवर, बोटांच्या टोकांवर, डोळ्यांभोवती, गुडघ्या-कोपरांवर येतो, आणि पुष्कळदा शरीराच्या दोन्ही बाजूंना सारखा. डागातले केसही पांढरे होऊ शकतात. जिथे खरचटते किंवा घासते तिथे नवा डाग उठू शकतो. कुष्ठरोगाचा चट्टा पूर्ण पांढरा कधीच होत नाही. तो आजूबाजूच्या कातडीपेक्षा थोडा फिकट किंवा तांबूस असतो, कधी कड उचललेली असते, कधी कड कुठे संपते तेच समजत नाही. त्यावरचे केस विरळ होतात आणि घाम येत नाही. धानाच्या रोवणीवरून परतलेल्या माणसाची पाठ घामाने निथळत असते, तेव्हा मधला तेवढा एकच भाग कोरडा आणि धुळकट दिसतो. अनुभवी आशाताई हे बरोबर टिपतात. आणखी एक साधी खूण अशी की कुष्ठरोगाचा चट्टा जन्मतः नसतो. जन्मापासूनचा डाग असेल तर तो वेगळ्या कारणाचा असतो.

पण रंगावर थांबू नये. गावात फिकट डागांची कारणे बरीच असतात. पावसाळ्यात पाठीवर-छातीवर येणारी शिबे फिकट असतात, खवले धरतात. लहान मुलांच्या गालावर कोरडे पांढुरके डाग येतात, ते आपोआप जातात. गजकर्ण खाजते. यांपैकी एकही डाग बधिर नसतो. म्हणून खरा निकाल स्पर्शाच्या परीक्षेत लागतो.

ही परीक्षा ओसरीवर, दिवसाच्या उजेडात करायची. ट्यूबलाइटखाली फिकट चट्टा सहज निसटतो. आधी चांगल्या कातडीवर बॉलपेनच्या टोकाने किंवा कापसाच्या वातीने अलगद टेकवून दाखवायचे: "असं लागलं की बोट ठेवून दाखवा." माणसाला ते समजले की डोळे मिटायला सांगायचे आणि कधी चट्ट्यावर, कधी चट्ट्याबाहेर टेकवायचे. टेकवायचे, घासायचे नाही. "आता कळलं का?" असे विचारायचेही नाही, कारण विचारले की माणूस "हो" म्हणतो. बाहेरच्या कातडीवर बोट पटकन आणि नेमके येते. चट्ट्यावर टेकवले की बोट येतच नाही, किंवा चार बोटे लांब कुठेतरी पडते. हे समोर बसून बघताना मन विषण्ण होते, कारण त्या माणसाला आत्तापर्यंत यातले काही जाणवलेलेच नसते. कोडाच्या डागावर हीच परीक्षा केली तर बोट प्रत्येक वेळी अचूक पडते. फिकट किंवा तांबूस चट्टा आणि त्यावर ठाम बधिरता, एवढे सापडले की कुष्ठरोगाचे निदान होते. त्याला महागडी तपासणी लागत नाही.

अपवाद मात्र लक्षात ठेवायला हवेत, कारण निदान चुकते ते तिथेच. चेहऱ्यावर नसांचे जाळे दाट असते, त्यामुळे तिथल्या चट्ट्यावर स्पर्श कळतो असे वाटू शकते. लहान मुले कंटाळून किंवा घाबरून काहीही उत्तर देतात. मग महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा बघावे लागते. याहून मोठा अपवाद म्हणजे ज्याच्या शरीरात जंतू सर्वांत जास्त असतात त्या रुग्णाच्या अंगावर बधिर चट्टा नसूही शकतो. त्याची कातडी तेलकट, चकचकीत दिसते, कानाच्या पाळ्या जाड होतात, भुवया बाहेरच्या बाजूने विरळ होतात, अंगावर गाठी येतात. घरचे म्हणतात, तब्येत सुधारली, चेहऱ्यावर तेज आले. अशा रुग्णाच्या कानाच्या पाळीतून किंवा कातडीतून थोडा द्रव घेऊन काचपट्टीवर जंतू बघावे लागतात. आणि काही रुग्णांना चट्टाच नसतो. फक्त हातापायात मुंग्या येतात आणि नस जाड झालेली असते.

त्या नसेविषयी सविस्तर बोलायला हवे, कारण कोड आणि कुष्ठरोग यांतला जीवनमरणाइतका फरक तिथे आहे. कोपराच्या मागे हाडाच्या खाचेतून एक नस जाते. कोपर कुठे आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात ती हीच. कुष्ठरोगात ती दोरीसारखी जाड होते, दाबली की दुखते. तिचे काम बिघडले की आधी करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते, मग ती बोटे वाकू लागतात, आणि पंज्याचे स्नायू झिजून अंगठ्याजवळ खळगा पडतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस गेली तर पाऊल उचलता येत नाही, चालताना चवडा घासत जातो. घोट्याच्या आतली नस गेली तर तळवा बधिर होतो. मग काटा रुतलेला कळत नाही, चप्पल कधी निसटली ते कळत नाही. बाई चुलीवरचे भांडे उघड्या हाताने उतरवते आणि फोड आल्यावरच तिला समजते की चटका बसला. तळव्याला जखम होते, ती न दुखल्यामुळे माणूस तिच्यावरच चालत राहतो, जखम हाडापर्यंत जाते आणि बोटे आखूड होतात. बोटे कुष्ठरोगाने गळून पडतात असे लोक समजतात. खरे तर ती न कळलेल्या जखमांमुळे जातात. डोळ्याची पापणी मिटेनाशी झाली तर डोळा कोरडा पडून दृष्टीही जाते.

यातले काहीही कोडात होत नाही. कोडाचा माणूस शेवटपर्यंत धडधाकट हाताने काम करतो.

औषधोपचारातही दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत. कुष्ठरोगावर १९८० च्या दशकापासून बहुविध औषधोपचार, म्हणजे एमडीटी, उपलब्ध आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती पाकिटे फुकट मिळतात. पाच किंवा कमी चट्टे असतील तर सहा महिने, त्याहून जास्त असतील तर बारा महिने. पहिला डोस घेतल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून इतरांना लागण होण्याचा धोका जवळपास संपतो. त्यामुळे त्याला वेगळे जेवायला वाढण्याची, वेगळ्या खोलीत ठेवण्याची काहीही गरज नसते. औषधातल्या क्लोफाझिमिनमुळे कातडी काळवंडते. इथे बरेच रुग्ण औषध सोडतात, कारण चेहऱ्यावरून गावाला कळेल अशी धास्ती असते. औषध संपल्यावर काही महिन्यांत हा काळेपणा ओसरतो, हे पाकीट हातात देतानाच समजावून सांगितले तर पुष्कळ जण उपचार पूर्ण करतात. उपचार चालू असताना किंवा संपल्यावरही चट्टे एकदम लाल होऊन सुजले, नस ठणकू लागली किंवा हाताचा जोर कमी झाला, तर ती शरीराने जंतूंना दिलेली प्रतिक्रिया असते. तेव्हा धावतच दवाखाना गाठायचा. अशक्तपणा सहा महिन्यांच्या आतला असेल तर प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने तो भरून येण्याची आशा असते. त्यापुढे उशीर झाला तर हात परत येत नाही.

कोडावर असे ठराविक मुदतीचे औषध नाही. मलमे आहेत, ठराविक तरंगलांबीच्या अतिनील किरणांचे उपचार आहेत, डाग बरेच दिवस स्थिर असेल तर त्वचारोपण आहे. कोणाचा रंग परत येतो, कोणाचा अर्धवट येतो. थायरॉइडची एकदा तपासणी करून घ्यावी, कारण दोन्ही विकार कधी कधी सोबत असतात. आणि बायकांच्या कपाळाच्या मधोमध टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग उठला तर आधी टिकली बंद करावी. स्वस्त टिकलीच्या गोंदातले रसायन रंगपेशी मारते. रबरी चपलेच्या पट्ट्याखालीही असेच डाग येतात. कारण लवकर दूर केले तर रंग परत येऊ शकतो.

मग इतका फरक असून दोन्हींची गाठ लोकांनी का बांधली? एक कारण जुने आहे. आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत पांढऱ्या डागांचे वर्णन कुष्ठाच्याच चिकित्सेत येते, आणि पापाचे फळ ही समजूत दोन्हींना सारखीच चिकटली. दुसरे कारण कायद्याच्या वागणुकीत आहे. कुष्ठरुग्णांना समाजापासून तोडणारा १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून हिंदू विवाह कायद्यात होते, ते २०१९ मध्ये काढले गेले. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले, डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीला तपोवन, मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर. या वसाहती उभ्या राहिल्या, कारण घराने या माणसांना बाहेर काढले होते. कोडाला यातले काही वाट्याला यायचे कारण नव्हते. पण दिसायला पांढरा डाग भडक, म्हणून वाळीत टाकण्याची सवय त्याच्यावरच जास्त उलटली. कोडाच्या मुलीचे लग्न मोडते आणि बधिर चट्ट्याचा तरुण घोड्यावर बसतो. या दोन्ही गोष्टींत घरच्यांना डाग नीट बघता आला नाही, असेच मी म्हणेन.

२००५ च्या डिसेंबरमध्ये देशात दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण झाले आणि कुष्ठरोगाचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. तो आकडा देशभराच्या सरासरीचा होता. पण लोकांनी त्याचा अर्थ रोग संपला असा घेतला, आणि डॉक्टरांच्या नव्या पिढीच्या डोळ्यांपुढून चट्टाही गेला. आजही देशात दरवर्षी सुमारे लाखभर नवे रुग्ण सापडतात, जगातल्या निम्म्याहून जास्त. त्यांत लहान मुले असतात, म्हणजे गावात लागण चालू आहे. कुष्ठरोग शोध अभियानात आशाताई आणि एक पुरुष स्वयंसेवक घरोघर फिरतात, ताई बायकांना तपासते, स्वयंसेवक पुरुषांना. घरात फक्त हात दाखवून "काही नाही" म्हणू नका. पाठ, कंबर, मांडी, पोटऱ्या, जे आपल्याला स्वतःला दिसत नाही ते दाखवा.

रुग्ण सापडला की त्याच्या घरच्यांची आणि जवळच्या सहवासातल्यांची तपासणी होते. ज्यांना रोग नाही त्यांना रिफाम्पिसिनचा एकच डोस दिला जातो, त्याने रोग होण्याचा धोका कमी होतो. दोन वर्षांखालची मुले, गरोदर बायका आणि क्षयरोगाचे संशयित वगळले जातात. हा डोस सहवासातल्यांना देण्यासाठी रुग्णाची संमती घेतात, आणि शेजाऱ्यांना कळेल या धाकाने काही रुग्ण ती देत नाहीत. अशा वेळी त्या गल्लीतली सगळीच घरे सरसकट तपासता येतात. त्यात कोडाचे डाग निघतात, शिबे निघतात, गजकर्ण निघते, आणि कोणा एकाच घराकडे बोट जात नाही.