ढगाळ दिवशी सूर्यफूल कुणाकडे बघतं?

पावसाळा लागला की एक संदेश फोनवर फिरू लागतो. पिवळ्याधमक सूर्यफुलांचा फोटो आणि खाली मजकूर: ढगाळ दिवशी सूर्य दिसत नाही तेव्हा सूर्यफुलं एकमेकांकडे तोंड वळवतात आणि आपली ऊर्जा वाटून घेतात. यंदा तो मला चार गटांतून आला, त्यातला एक गट शिक्षकांचा. माणसांनी एकमेकांना धरून राहावं ही भावना चांगलीच आहे. पण त्यासाठी सूर्यफुलाच्या नावावर खोटं खपवायची काय गरज? झाडाचं अन्न पानांत तयार होतं, फुलात नाही, आणि समोरासमोर तोंडं आली म्हणून एका झाडाची साखर दुसऱ्या झाडात जात नाही.

सूर्यफूल दिवसभर सूर्यामागे फिरतं, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. तेही अर्धंच खरं. बार्शीजवळ मामांच्या शेतात मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते संध्याकाळी पाचच्या सुमारास. पश्चिमेच्या बांधावर उभा होतो. सूर्य माझ्या पाठीशी, म्हणजे सगळी फुलं माझ्याकडे बघायला हवी होती. प्रत्यक्षात अख्खं रान माझ्याकडे पाठ करून उभं होतं. हजारो कणसं, सगळी पूर्वेकडे तोंड करून. मामा म्हणाले, "सकाळी ये की, सकाळी तिकडच्या बांधावरून बघ."

सूर्यामागे फिरतं ते कोवळं रोप. कळी उमलेपर्यंत त्याचा शेंडा सकाळी पूर्वेला, संध्याकाळी पश्चिमेला झुकलेला असतो आणि रात्रीतून परत पूर्वेला येतो. झाडाला स्नायू नाहीत, सांधे नाहीत, मग हे वळणं होतं कसं? वाढीतून. दिवसा खोडाची पूर्वेकडची बाजू जास्त वाढते, म्हणून शेंडा पश्चिमेला झुकतो. रात्री पश्चिमेकडची बाजू जास्त वाढते आणि शेंडा परत येतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेत स्टेसी हार्मर आणि सहकाऱ्यांनी खोडावर शाईचे ठिपके देऊन, त्यांच्यातलं अंतर दोन्ही बाजूंनी कसं बदलतं ते टिपलं. त्यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक ज्यांच्यात कमी पडतं अशी बुटकी रोपं त्यांनी घेतली. ती नीट वळेनात. बाहेरून जिबरेलिन दिल्यावर ती वाढू लागली आणि वळूही लागली. वाढ थांबली की वळणं थांबतं. पूर्ण उमललेलं फूल सूर्यामागे का फिरत नाही, याच्या उत्तराचा एक भाग इथेच आहे.

एक बाजू जास्त वाढते म्हणजे पेशीत काय होतं? सायकलचं चाक आठवा. आत हवा भरलेली ट्यूब, बाहेर कडक टायर. वनस्पतीच्या पेशीत हवेच्या जागी पाण्याचा दाब असतो आणि टायरच्या जागी सेल्युलोजच्या धाग्यांची पेशीभित्तिका. दाब कायम बाहेर ढकलत असतो, भित्तिका त्याला आवरून धरते. ऑक्झिन नावाचं संप्रेरक ज्या बाजूला साठतं तिथल्या पेशी हायड्रोजनचे आयन बाहेर, भित्तिकेत सोडू लागतात. भित्तिका आम्लधर्मी होते. त्या आम्लात एक्स्पान्सिन नावाची प्रथिनं जागी होतात आणि सेल्युलोजच्या धाग्यांमधली पकड सैल करतात. टायर सैल पडला की ट्यूब फुगणारच. पेशी पाणी ओढून लांब होते, मग नवं सेल्युलोज येऊन भित्तिका पुन्हा घट्ट होते. खोडाच्या एका कडेच्या लाखो पेशी केसाच्या अंशाइतक्या लांबल्या की शेंडा डोळ्यांना दिसेल इतका कलतो.

खिडकीतलं रोप उजेडाकडे वाकतं त्यामागे हीच क्रिया असते आणि तिचा इशारा निळ्या प्रकाशातून मिळतो. त्यामुळे सूर्यफुलाचंही तसंच असेल असं सगळे धरून चालले होते. २०२३ मध्ये हार्मर यांच्याच गटाने दाखवलं की शेतात सूर्यामागे फिरणाऱ्या रोपात जनुकांची हालचाल वेगळीच असते. निळा प्रकाश अडवला तरी रोप सूर्यामागे जायचं थांबलं नाही.

मला सगळ्यात जास्त भुरळ घालते ती रात्र. अंधारात, समोर सूर्य नसताना, रोप पूर्वेकडे परत कसं येतं? त्याच्या आत घड्याळ आहे, साधारण २४ तासांचं. शेतातली रोपं उचलून घरात आणली आणि डोक्यावर एकच स्थिर दिवा लावला, तरी ती काही दिवस ठरल्या वेळी डोलत राहिली. कृत्रिम दिवस ३० तासांचा केला तेव्हा त्यांचा ताल बिघडला, २४ तासांवर आणल्यावर सुधारला. उन्हाळ्याच्या छोट्या रात्री ती लवकर परततात, पुढे रात्री लांबल्या की सावकाश. याचा फायदाही मोजला गेला. रोज संध्याकाळी कुंड्या फिरवून सकाळी रोपांची तोंडं उलट्या दिशेला राहतील असं केलं, तर वाढ सुमारे १० टक्क्यांनी घटली.

मग खोड जून होतं, वाढ मंदावते. घड्याळामुळे सकाळच्या उन्हाला रोप जास्त प्रतिसाद देतं, दुपारनंतरच्या उन्हाला कमी, आणि शेवटी ते पूर्वेला तोंड करून स्थिरावतं. घराच्या पूर्वेच्या भिंतीवर सूर्यफुलाचं चित्र लावलं की बरकत येते असं सांगणाऱ्यांना फुलाने पूर्व का निवडली हे ठाऊक नसतं. त्याला सकाळची ऊब हवी असते. पूर्वेला तोंड असलेलं फूल लवकर तापतं आणि पराग लवकर सोडतं. कुंड्या फिरवून पश्चिमेला तोंड केलेल्या फुलांपेक्षा त्यावर सकाळी पाचपट मधमाश्या आणि इतर कीटक येतात. पश्चिमेच्या फुलांना हीटरने ऊब दिली तेव्हा तिथलीही वर्दळ वाढली.

शेतकऱ्याला या माश्या का हव्यात, ते कणीस जवळून पाहिलं की कळतं. आपण ज्याला एक फूल म्हणतो त्याच्या तबकावर हजार-दोन हजार बारकी फुलं असतात आणि ती कडेकडून मध्याकडे, रोज काही कडी, अशी उमलत जातात. कडेला सुकलेली फुलं, त्याच्या आत दुभंगून मागे वळलेल्या कुक्षी, म्हणजे पराग झेलणारी टोकं, त्याच्या आत काळपट नळ्यांतून वर आलेले पिवळे पराग, मध्यभागी मिटलेल्या हिरव्या कळ्या. प्रत्येक फूल आधी पराग देतं आणि नंतर त्याची कुक्षी तयार होते. शिवाय पुष्कळ झाडं स्वतःचा पराग नाकारतात. सातेरी, फुलोरी, आग्या माश्यांनी दुसऱ्या झाडाचा पराग आणला तर दाणा भरतो, नाहीतर तबकाच्या मध्ये पोचट दाण्यांचं वर्तुळ राहतं. फुलोऱ्यात भर सकाळी कीटकनाशक फवारणं म्हणजे आपल्याच दाण्यावर फवारणं. फवारायचंच झालं तर संध्याकाळी.

हे पीक मूळचं उत्तर अमेरिकेचं. तेलबियांचं पीक म्हणून ते वाढलं रशियात. क्रास्नोदारला वासिली पुस्तोव्होइत यांनी निवड करकरून बियांतलं तेल ५० टक्क्यांच्या घरात नेलं. १९६९ च्या सुमारास सोव्हिएत वाण भारतात आले. सोलापूर, लातूर भागात रब्बीला ते चांगलं रुजलं, कारण ९०-१०० दिवसांत निघतं आणि खोल मुळांनी काळ्या रानातली ओल उचलतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला देशात २० लाख हेक्टरांहून अधिक सूर्यफूल होतं. १९९७ पासून नेक्रोसिस हा विषाणूजन्य रोग पसरला. गाजरगवताच्या परागाबरोबर तो येतो आणि फुलकिड्यांमुळे झाडात शिरतो. भरीला पोपटांची धाड, बाहेरून येणारं स्वस्त तेल आणि सोयाबीनची ओढ. क्षेत्र इतकं आटलं की २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटताच आपल्या फोडणीचं तेल महागलं. त्याच तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉलमुक्त' असं ठळक छापलेलं असतं. कोलेस्टेरॉल प्राण्यांच्या चरबीत असतं. शेंगदाणा, करडई, तीळ, कुठल्याच वनस्पती तेलात ते नावापुरतंही सापडणं कठीण. त्या अक्षरांसाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

आता त्या ढगाळ दिवसाकडे. कोवळी रोपं ढगातही थोडीफार घड्याळाच्या तालावर हलतात, उमललेली फुलं पूर्वेकडे बघत उभी राहतात. अडचण असते ती माश्यांची. गार, अंधारलेल्या हवेत त्या फारशा बाहेर पडत नाहीत. अशा दिवसांत मामी हाताला मऊ धुवट धोतराचा तुकडा गुंडाळून सकाळी आठ ते अकरा शेतात असते. एका तबकावरून हात फिरवायचा, मग तोच पुढच्या तबकावर. एक दिवसाआड, फुलोरा संपेपर्यंत. कापड पिवळं होतं, कोपरापर्यंत पराग चिकटतो. दोन झाडं अगदी जवळ असली तर ती कापडही वापरत नाही. दोन्ही कणसं मानेशी धरते, अलगद वाकवून समोरासमोर आणते आणि एकमेकांवर हलकेच घासते.