घाट चढून आलेला बांगडा आणि चिकट जव

हृदयासाठी मासे खावेत हे खरे, पण कोणता मासा आणि कसा शिजवलेला, यावर सगळे ठरते. रव्यात घोळवून भरपूर तेलात तळला, की माशाची स्वतःची चरबी काही अंशी कढईत उतरते आणि कढईतले तेल माशात शिरते. आपल्याला हवी असते ती माशाचीच चरबी, म्हणजे त्यातली ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ आम्ले. रक्तातली ट्रायग्लिसराइड्स (एक प्रकारची चरबी) त्यांनी कमी होतात. गोड्या पाण्यातला रोहू-कटला चांगलाच, पण बांगडा आणि तारलीत ही आम्ले कितीतरी जास्त असतात; शिवाय दोन्ही मासे पापलेट-सुरमईपेक्षा स्वस्त. अमेरिकन हार्ट असोसिएशन आठवड्यातून दोनदा मासे खायला सांगते, दर वेळी शिजवलेले साधारण ८५ ग्रॅम. एका मध्यम बांगड्याचे मांस साधारण तेवढे भरते. हाच बांगडा वाफवून, शिजवलेल्या जवावर घालून दोघांचे जेवण कसे करायचे ते पाहू.

नाशिकला बांगडा येतो तो समुद्रकिनाऱ्यावरून, घाट चढून. त्यामुळे इथल्या खरेदीत सर्वांत महत्त्वाचा प्रश्न बर्फाचा. बांगड्याच्या मांसात हिस्टिडिन नावाचे अमिनो आम्ल मोकळ्या स्वरूपात भरपूर असते. मासा गार राहिला नाही, तर जिवाणू त्याचे हिस्टामिन बनवतात. ते खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोके दुखते, धडधड वाढते. ‘मासा बाधला’ म्हणतात त्यातले काही प्रकार हेच असतात. हिस्टामिन उकळून, तळून किंवा गोठवून नष्ट होत नाही, आणि मासा दिसायला-वासाला ठीक असतानाही ते असू शकते. म्हणून उघड्या पाटीवर ठेवलेला बांगडा, भाव कितीही उतरलेला असो, घेऊ नये. बर्फात पुरलेला, कल्ले लालसर, डोळे फुगीर आणि बोटाने दाबल्यावर खड्डा न राहणारा घ्यावा. कल्ले आणि पोट तिथेच साफ करून घ्यावे, कारण जिवाणूंचा मोठा साठा त्यातच असतो. घरून झाकणाचा डबा न्यावा, बर्फ मागून घ्यावा आणि घरी येताच मासा फ्रिजमध्ये, ४ अंशांखाली ठेवावा. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीत नीट गोठवलेला बांगडा चालतो. तो रात्रभर फ्रिजमध्येच सुटू द्यावा, ओट्यावर नाही.

धान्यासाठी जव घ्यावेत. (जवस वेगळे, ते पुढे येतेच.) जवातला बीटा-ग्लुकान हा विद्राव्य तंतू आतड्यात दाट, बुळबुळीत थर बनवतो आणि पित्तातली आम्ले धरून बाहेर नेतो. नवे पित्त बनवायला यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल वापरते, आणि एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, उतरते. त्यासाठी दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकान लागतो. ५० ग्रॅम कोरड्या जवात साधारण २ ग्रॅम मिळतो. हा तंतू दाण्याच्या गाभ्यातही असल्याने कोंडा काढलेल्या पांढऱ्या जवातही टिकतो.

दोघांसाठी १०० ग्रॅम जव धुऊन चार तास भिजवावेत. मग ३०० मिली पाण्यात कुकरला चार शिट्ट्या, नंतर मंद आचेवर दहा मिनिटे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर, पाणी इथे ९८ अंशांच्या आसपासच उकळते. उघड्या पातेल्यात जवांना जरा जास्त वेळ लागतो. शिजलेले जव चिकट झाले म्हणून अनेक जण ते चाळणीत ओतून धुतात. नेमकी इथेच चूक होते. त्या चिकटपणातच बीटा-ग्लुकान असतो. पाणी उरले तर झाकण काढून आटवावे, फेकू नये.

दोन बांगड्यांना दोन्ही बाजूंनी तिरक्या चिरा द्याव्यात. अर्धा चमचा हळद, आले-लसूण-हिरवी मिरचीचे वाटण आणि एका लिंबाचा रस चोळून पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावे. माशाचा उग्र वास ज्या ट्रायमिथाइलअमाइनमुळे येतो, ते आम्लात बांधले जाते. मात्र तासभर ठेवल्यास आम्लाने प्रथिने आधीच आवळतात आणि मांस खडूसारखे कोरडे लागते. मोदकपात्रात पाण्याला खळखळ उकळी आल्यावरच मासे ठेवावेत; आठ ते दहा मिनिटे पुरतात. काट्यापाशी मांस अपारदर्शक होऊन सहज सुटले, की झाले. चिरांतून पांढरा घट्ट स्राव भरपूर आला असेल, तर आच जास्त वेळ लागली आहे.

वाडग्यात खाली जव, वर काटे काढलेला बांगडा, बाजूला बारीक चिरलेली कोवळी मेथी, टोमॅटो, काकडी आणि कांदा. दोन चमचे शेंगदाणा तेल, लिंबू, भरडलेले जिरे आणि भाजलेल्या जवसाची एक मोठा चमचा पूड एकत्र करून वरून घालावी. जवसातही ओमेगा-३ असते, पण शरीर त्यातले फार थोडे ईपीए-डीएचएत बदलते. म्हणून जवस माशाची जागा घेत नाही.

दोघांच्या वाडग्यांत मिळून मीठ अर्धा छोटा चमचा, म्हणजे माणशी दीड ग्रॅमच्या आत. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी आहे, आणि सोबत लोणचे-पापड आले की हा हिशेब मोडतो. फिके वाटले तर लिंबू वाढवावे.

जवात ग्लूटेन असते. ज्यांना ते चालत नाही त्यांनी पेठ-सुरगाण्याकडची वरई किंवा रात्रभर भिजवलेली अख्खी ज्वारी घ्यावी. बीटा-ग्लुकानचा फायदा तेवढा मिळणार नाही, तंतू मात्र मिळतील. उरलेले जव दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाकावेत; बांगडा मात्र त्याच जेवणात संपवावा.