रोपं लावायच्या आधी नमुना ‘क’ भरा: जंगल परत वाढवायचा गावाचा हक्क

वनहक्क म्हटलं की बहुतेक जण वैयक्तिक पट्ट्यामागे धावतात आणि गावाचा सामूहिक दावा (त्याचाच फॉर्म म्हणजे नमुना ‘क’) राहूनच जातो, मला तर तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. 2006 च्या वनहक्क कायद्यात कलम 3 मध्ये सामूहिक वनसंपत्तीचं, म्हणजे गाव परंपरेने वापरत आलेल्या जंगलाचं, संरक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन आणि व्यवस्थापन करायचा हक्क स्पष्ट लिहिलाय. आणि पुनर्निर्माण म्हणजे दरवेळी खड्डे खणून रोपंच लावायची असं नाही हो, उजाड दिसणाऱ्या रानातही पळस, तेंदू, सागाची मुळं बऱ्याचदा जिवंत असतात, काही पावसाळे कुऱ्हाड, गुरं आणि वणवा लांब ठेवला की फुटवे आपोआप वर येतात. पण राखण करायला अधिकार हवा ना, तो या दाव्यातून मिळतो.

दावा ग्रामसभेच्या नावाने होतो, 4 हेक्टरची मर्यादा फक्त वैयक्तिक दाव्याला आहे. आदिवासी नसलेले पारंपरिक वननिवासी असतील तर त्यांना 13 डिसेंबर 2005 च्या आधीच्या तीन पिढ्यांचं, म्हणजे 75 वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं.

आधी ग्रामसभेत 10 ते 15 जणांची वनहक्क समिती निवडा, त्यात एक तृतीयांश तरी बायका हव्यात. सभेला गावातले निम्मे सभासद हजर पाहिजेत, कोरम नसेल तर ठराव पुढे टिकत नाही, म्हणून सह्या-अंगठे नीट घ्या. फॉर्म फुकट मिळतो.

कागदांचं टेन्शन घेऊ नका. एकापेक्षा जास्त पुरावे लागतात एवढंच. निस्तारपत्रक (गावाच्या जंगल वापराच्या हक्कांची सरकारी नोंद), वनखात्याच्या जुन्या नोंदी, गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचं सरकारी पुस्तक) चालतात, देवराई, चराईची जागा, पाणवठे, जुनी स्मशानभूमी पण पुरावा आहे, आणि म्हाताऱ्या माणसांचा जबाब लिहून घेतला तर तोही धरतात, तो पहिल्यांदा घ्या कारण हद्द कुठून कुठे जाते ते त्यांनाच पाठ असतं. सॅटेलाइट फोटो जोडीला लावा, पण फक्त त्याच्यावर दावा नाकारता येत नाही.

मग वन आणि महसूल खात्याला कळवून जागेवर फिरायचं, नकाशा करायचा. शेजारच्या गावाशी हद्दीचा वाद निघाला तर दोन्ही समित्यांनी एकत्र बसायचं. ग्रामसभेचा ठराव झाला की फाइल उपविभागीय वनहक्क समितीकडे, तिथून जिल्हा वनहक्क समितीकडे जाते. उपविभागीय समितीने काही कापलं तर 60 दिवसांत जिल्हा समितीकडे अर्ज करता येतो, जिल्हा समितीचा निर्णय मात्र अंतिम असतो, त्यामुळे क्षेत्र कमी झालंय का ते आधीच नकाशाशी ताडून बघा.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर असा हक्क मिळाला. पट्टा आला की ग्रामसभेने जंगल राखायची समिती नेमून आराखडा करायचा, कुठला भाग किती वर्षं चराईला बंद, जाळरेषा (वणवा अडवायला गवत-पाला काढून मोकळा ठेवलेला पट्टा) कधी काढायची, सरपण कुठून आणायचं हे त्यातच लिहा, आणि चराई बंद करताना गुरं वळणाऱ्यांना आधी विचारा, सगळं रान एकदम बंद केलं तर ते जातील कुठे.