बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता?

समजा, फोंड्यातले पन्नाशीचे कोणी गृहस्थ सांगतात, "राजीव गांधींची हत्या झाली ते आम्हाला शाळेत कळलं. मास्तर वर्गात आले, हातातला खडू टेबलावर ठेवला आणि म्हणाले, घरी जा." सांगताना त्यांचा आवाज जड होतो. खडू टेबलाच्या कुठल्या कोपऱ्यावर ठेवला, तेही ते हाताने दाखवतात. आता कॅलेंडर काढा. हत्या २१ मे १९९१ रोजी रात्री दहानंतर झाली, म्हणजे बहुतेकांना ती दुसऱ्या दिवशी सकाळी कळली. आणि मे महिन्यात गोव्यातल्या शाळा बंद असतात. त्या सकाळी वर्ग भरलेलाच नव्हता.

गृहस्थ खोटे बोलत नाहीत. शाळेतला दुसराच कुठला तरी प्रसंग या बातमीला येऊन चिकटला आहे, आणि तो त्यांना डोळ्यांसमोर दिसतो. अशाच आठवणीने मानसशास्त्रज्ञ उलरिक नायसर यांना विचारात पाडले होते. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवरील हल्ल्याची बातमी आली तेव्हा आपण रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत होतो, हे त्यांना लख्ख आठवायचे. डिसेंबरात बेसबॉल खेळत नाहीत, हे ध्यानात यायला अनेक वर्षे गेली.

अशा आठवणींना 'फ्लॅशबल्ब स्मृती' हे नाव १९७७ साली रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक यांनी दिले. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येसारखी बातमी कळताच मेंदू त्या क्षणाचा फोटो काढून ठेवतो, अशी त्यांची कल्पना होती. त्यांनी लोकांच्या आठवणी गोळा केल्या आणि त्या खरोखरच तपशीलवार निघाल्या. पण त्या बरोबर आहेत की नाहीत, हे पडताळायला त्यांच्याकडे काहीच नव्हते.

पडताळणी केली ती नायसर आणि निकोल हार्श यांनी. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर अंतराळयान कोसळले. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी १०६ विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली लिहून घेतली. अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न विचारले. ठिकाण, त्या वेळी चाललेले काम आणि बातमी कोणाकडून कळली, हे पहिल्या उत्तराशी जुळले तर प्रत्येकी दोन गुण आणि बाकी तपशिलांना मिळून एक, असे एकूण सात गुण. सरासरी तीनच्याही खाली आली. ११ जणांना शून्य मिळाले, सातपैकी सात फक्त तिघांना. खात्री किती, हेही पाचपैकी विचारले होते. त्याची सरासरी चारच्या वर गेली.

आठवण चुकीची आणि खात्री पक्की, हे कसे? धक्का बसला की शरीरात ताणाच्या वेळी स्रवणारे नॉरअ‍ॅड्रिनलिन वाढते, मेंदूतला अमिग्डाला हा भावनांशी निगडित भाग जागा होतो आणि शेजारच्या, आठवणी नोंदवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमधली नोंद घट्ट करतो. त्यामुळे बातमी विसरत नाही. पण लक्ष बातमीवर खिळलेले असते, आजूबाजूचे तुटकच टिपले जाते. पुढे दर वेळी तो प्रसंग सांगताना मोकळ्या जागा भरल्या जातात, आणि भरलेला भाग मूळ नोंदीइतकाच खरा वाटू लागतो. ११ सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर अमेरिकेत झालेल्या अभ्यासांत दिसले की बरीचशी पडझड पहिल्या वर्षातच होते. मग चूक पक्की होते आणि तीच पुन्हापुन्हा सांगितली जाते. आपण कुठे होतो, हे त्यातल्या त्यात टिकते. त्या वेळी काय वाटले होते, याचे उत्तर मात्र आजच्या मनाप्रमाणे बदलते.

आणखी एक गफलत फार होते. बातमी पहिल्यांदा कळल्याचा क्षण पुसला जातो आणि तीच नंतर टीव्हीवर पाहिल्याचा क्षण 'पहिला' होऊन बसतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सुरू झालेला मुंबईवरचा हल्ला २९ तारखेच्या सकाळपर्यंत चालला. त्या सगळ्या दिवसांची दृश्ये आठवणीत एकाच रात्रीत गोळा होतात. पर्रीकरांच्या निधनाची बातमी १७ मार्च २०१९ च्या रविवारी संध्याकाळी आली. पण ते बरेच दिवस आजारी होते, त्यामुळे त्याआधीचे चिंतेचे फोन आणि ती संध्याकाळ यांची सरमिसळ सहज होते.

डिसेंबर १९६१ मधल्या गोवा मुक्तीच्या दिवसांच्या आठवणी ज्यांच्याकडे आहेत ती माणसे आता वयोवृद्ध आहेत. त्या लिहून घेण्याचे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. सोप्यावर चौघांना एकत्र बसवून विचारू नका. पहिला बोलेल तेच बाकीच्यांना आठवू लागते. एकेकाला वेगळे विचारा. "रेडिओवर ऐकलंत ना?" असे विचारले की रेडिओ आठवणीत शिरतो. त्यापेक्षा "आजी, त्या दिवशी सकाळी उठल्यापासून सांगा" म्हणावे आणि मध्ये बोलू नये. विमाने दिसली, सैनिक दिसले, शरणागती कळली, हे वेगवेगळे क्षण आहेत. प्रत्येकाचे ठिकाण आणि सोबतची माणसे वेगळी विचारावीत. भावनांचा प्रश्न शेवटी.

पडताळायला पक्के टेकू आहेत. बांबोळीच्या वायरलेस केंद्रावर १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळीच हवाई हल्ला झाला होता. सैन्य १९ तारखेला सकाळी पणजीत आले, शरणागतीवर सही मात्र रात्री साडेआठच्या सुमारास झाली. मुक्तिलढ्याचे भूमिगत रेडिओ केंद्र चालवणारे वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी विमानातून मुक्तीची घोषणा केली तीही १९ लाच. आणि ती बातमी 'गोमन्तक'मध्ये वाचली असे कोणी सांगितले, तर तो अंक नंतरचा असणार, कारण ते दैनिक १९६२ साली सुरू झाले. बाकी तारखांसाठी पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुन्या फाइली चाळाव्यात.

पुढच्या धक्कादायक बातमीसाठी कागद आणि पेन पुरे. २४ तासांच्या आत, घरात चर्चा रंगण्याआधी, प्रत्येकाने स्वतःपुरते लिहावे: वेळ, ठिकाण, काय करत होतो, कोणाकडून किंवा कशावरून कळले, सोबत कोण होते, लगेच काय केले. प्रत्येक उत्तरापुढे खात्रीचा आकडा, १ ते ५. तारीख, सही, बंद पाकीट. मोबाइलच्या नोंदीत नंतर हात फिरवला जातो, म्हणून कागदच बरा. वर्षाने पाकीट न उघडता पुन्हा लिहावे, मगच दोन्ही पाने शेजारी ठेवून गुण द्यावेत.

पाने जुळली नाहीत तर बहुतेकांना नवेच पान खरे वाटते. चॅलेंजरच्या अभ्यासातही स्वतःच्या हस्ताक्षरातली जुनी उत्तरे समोर ठेवल्यावर मूळ आठवण कोणाला परत आली नाही. तरीही पहिल्या पानावर खाडाखोड करू नये. दोन्ही पाने तारखांसह एकाच पाकिटात ठेवावीत, आणि घटनेचा पुरावा म्हणून जुने पान धरावे.